वेंगुर्ल्याच्या गाळातला जीवाणू 'नवा' ठरेपर्यंत

गेल्या महिन्यात आमचा पेपर छापून आला आणि समुद्रतळाच्या गाळातल्या एका जीवाणूला अधिकृत नाव मिळालं. तेव्हापासून सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करणारे तिघं-चौघं मला तेच विचारताहेत: नेमकं काय काय करावं लागतं, किती दिवस लागतात, किती पैसे? मला हे विचारायला कोणी मिळालं नव्हतं. पेपर वाचले की सगळं आठवड्याभरात झाल्यासारखं वाटतं. 'नमुना गोळा केला' आणि 'संग्रहात जमा केला' या दोन वाक्यांच्या मध्ये माझी दोन वर्षांहून अधिक गेली, म्हणून हे लांबलचक लिहिते आहे.

जीवाणूचं नाव मात्र इथे देत नाही. ते दिलं की दोन मिनिटांत माझं, माझ्या मार्गदर्शक मॅडमचं, विद्यापीठाचं नाव सापडेल आणि मग पुढे केलेली कुरकुर मला गाळावी लागेल. प्रयोगशाळेत तो 'व्हीजी-४१' होता, इथेही तेवढंच.

८ ऑक्टोबर २०२२, शनिवार. दसरा होऊन तीन दिवस झालेले, पाऊस अजून रेंगाळत होता. आधी मालवणला जायचा विचार होता, पण तिथल्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आत नमुने घ्यायचे तर वनखात्याची परवानगी लागते. वेंगुर्ल्याला मामाचं घर आहे, त्यामुळे जेवणाराहण्याचा प्रश्न सुटला. जून-जुलैत मासेमारी बंद, ऑगस्टात समुद्र खवळलेला, मग गणपती, असं करत ऑक्टोबर उजाडला. बंदरावरच्या एका तांडेलकाकांची होडी अर्ध्या दिवसासाठी साडेतीन हजारांना ठरली. विभागाचं पत्र मी बंदर कार्यालयात आणि मत्स्यव्यवसाय खात्यात आधीच देऊन ठेवलं होतं. तेव्हा कोणी काही विचारलं नाही, पण त्या पत्राची शिक्का मारलेली पोच दीड वर्षाने एका अर्जाला जोडावी लागली. पोच घ्या आणि जपून ठेवा.

"मासे सोडून चिखल कित्याक व्हयो तुका?" काकांनी होडी बाहेर काढता काढता विचारलं. मी सांगितलं की या चिखलात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. त्यावर ते काही बोलले नाहीत. खलाशाकडे बघून हसले फक्त.

गाळ उचलायला व्हॅन वीन ग्रॅब नावाचा लोखंडी जबडा असतो. दोरीने खाली सोडायचा, तळाला टेकला की चाप सुटतो, वर ओढला की जबडा मिटतो. पहिल्या खेपेला फटीत शिंपला अडकला आणि सगळा गाळ वाटेतच धुऊन गेला. दुसऱ्या खेपेला काकांनी दोरी हाताने मोजत सोडली आणि म्हणाले, "सहा वाव." म्हणजे साधारण अकरा मीटर. वर आलेला गाळ वरून करडा-तपकिरी आणि बोटभर खाली काळाकुट्ट होता, वास सडक्या अंड्यांचा. लोखंडाला न टेकलेला मधला भाग निर्जंतुक चमच्याने काढून नळ्यांत भरला. तारीख, वेळ, खोली, पाण्याचं तापमान, क्षारता आणि अक्षांश-रेखांश तिथल्या तिथे वहीत लिहिले आणि मोबाइलच्या पडद्याचा फोटोही काढला. पुढे जनुकक्रम जमा करताना, संग्रहाचे अर्ज भरताना आणि पेपर लिहिताना हीच माहिती सारखी विचारतात. माझ्या एका मैत्रिणीचा फोन बिघडला आणि तिला रेखांशासाठी पुन्हा किनाऱ्यावर जावं लागलं.

परतीचा प्रवास एसटीने, सावंतवाडी-आंबोलीमार्गे कोल्हापूर. मांडीवर बर्फाचा थर्माकोलचा डबा. कंडक्टरने डब्याकडे बघून विचारलं, "सुरमई का पापलेट?" चिखल आहे म्हटल्यावर त्याचा विश्वास बसला नाही. झाकण उघडून दाखवलं, तर वासाने मागच्या बाकावरच्या बाई उठून पुढे गेल्या.

प्रयोगशाळेत पुढचं काम ठरलेलं असतं: एक ग्रॅम गाळ नऊ मिलिलिटर निर्जंतुक समुद्राच्या पाण्यात, त्यातलं एक मिलिलिटर पुढच्या नऊमध्ये, असं पाच वेळा पातळ करत न्यायचं. मग झोबेल मरीन अगारच्या प्लेटांवर पसरायचं. समुद्री जीवाणूंसाठी हे माध्यम, म्हणजे जीवाणू वाढवायचं खाद्य, सगळे वापरतात. कॅलिफोर्नियातल्या क्लॉड झोबेलने १९४०च्या दशकात रूढ केलं. त्यात पेप्टोन, यीस्ट अर्क आणि समुद्राइतके क्षार असतात. मॅडमनी सुचवलं म्हणून मी त्याच माध्यमाच्या एक दशांश ताकदीच्याही प्लेटा ओतल्या. समुद्राच्या तळाला कोणी रोज पेप्टोनचं जेवण वाढत नाही. भरल्या ताटावर तेच ते खादाड जीवाणू माजतात आणि हळू वाढणारे झाकले जातात. गाळातले बहुसंख्य जीवाणू तर प्लेटवर येतच नाहीत, हे सुरुवातीलाच मनात धरलेलं बरं.

१३ ऑक्टोबरला प्लेटा २८ अंशांवर ठेवल्या. आठवड्याभरात ३८ कॉलन्या, म्हणजे प्लेटवर वाढलेले जीवाणूंचे ठिपके, वेगळ्या केल्या आणि दिवाळीला घरी गेले. जाताना प्लेटा टाकून द्यायच्या राहिल्या. झिपच्या पिशवीत होत्या म्हणून सुकल्या नाहीत. ३१ ऑक्टोबरला परत आले तेव्हा एक दशांशवाल्या प्लेटेवर खसखशीच्या दाण्याहून बारीक, फिकट केशरी ठिपके आले होते. ते मी नोंदीत '३९ ते ४३' म्हणून चढवले आणि विसरले. आता कोणी विचारलं तर मी सांगते की हळू वाढणाऱ्यांसाठी तीन आठवडे थांबावं, पण तेव्हाचा तो शहाणपणा नव्हता, आळस होता.

प्रत्येक कॉलनी चार-चारदा रेघाटून शुद्ध केली, ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवली. मग १६एस. हे जनुक प्रत्येक जीवाणूत असतं, साधारण दीड हजार अक्षरांचं, आणि त्यावरून कोण कोणाचा नातलग ते ढोबळमानाने कळतं. २७एफ आणि १४९२आर हे प्रायमर (जनुकाची दोन टोकं पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरून पीसीआर करायचा, म्हणजे त्या जनुकाच्या भरपूर प्रती काढायच्या, तुकडा कंपनीकडे पाठवायचा, आलेला क्रम ईझीबायोक्लाउड या संकेतस्थळावर टाकायचा. आम्हाला एका जीवाणूमागे साधारण दीड हजार रुपये पडले. सगळ्यांचे पैसे नव्हते, म्हणून रंगरूप बघून अठरा निवडले.

१६ जानेवारी २०२३ला निकाल आले. व्हीजी-१२ हा सर्वांत जवळच्या ज्ञात प्रजातीशी फक्त ९६.४ टक्के जुळत होता. पूर्वी ९७ टक्क्यांच्या खाली गेलं की नवी प्रजाती असण्याची शक्यता धरत, आता ९८.७च्या आसपासची रेघ मानतात. माझा तर दोन्हींच्या खाली! संध्याकाळी आईला फोन करून सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, "क्रोमॅटोग्राम उघडून बघितलास का?" म्हणजे क्रम वाचणाऱ्या यंत्राचा मूळ आलेख. बघितला नव्हता. क्रमाच्या दोन्ही टोकांना शिखरं एकमेकांत घुसलेली होती. यंत्राने तिथे अंदाजाने अक्षरं टाकली होती. टोकं छाटून पुन्हा तपासलं तर ९९.८ टक्के. साधा, घरोघरी सापडणारा बॅसिलस. पुढचं वर्षभर आई फोनवर विचारायची, "तो जंतू खरा निघाला का गं?"

त्या धक्क्यामुळे व्हीजी-४१चा ९७.८ टक्के आकडा आला तेव्हा मी कोणालाच सांगितलं नाही. पुन्हा कॉलनी वाढवली, पुन्हा डीएनए काढला, दुसऱ्या कंपनीकडे पाठवला. तोच आकडा. मग एलपीएसएन या नावांच्या यादीत त्या वंशातल्या सगळ्या प्रजाती शोधल्या. संकेतस्थळांचे संच नेहमी थोडे मागे असतात, त्यामुळे नुकताच छापलेला एखादा शेजारी त्यात नसू शकतो. आमच्या ठिपक्याचे पहिले चारही शेजारी कोरिया आणि चीनच्या किनाऱ्यांवरचे निघाले. तिकडे भरतीच्या चिखलावर काम करणारे गट खूप आहेत. आपल्याकडे किनारा एवढा लांब, पण त्याचा गाळ अजून फारसा कोणी उकरलेला नाही.

९८.७च्या खाली असणं म्हणजे पुढे बघण्यासारखं काही आहे, एवढंच. खरा निवाडा जीनोमवर, म्हणजे जीवाणूच्या सगळ्या डीएनएवर होतो. पूर्ण जीनोम वाचून घ्यायला १८ हजार रुपये आणि सात आठवडे लागले. मेच्या मध्याला फाइली आल्या. दोन जीनोम शेजारी ठेवून सरासरी साम्य काढतात, त्याला एएनआय म्हणतात. ९५-९६ टक्क्यांच्या वर असेल तर एकच प्रजाती. दुसरं माप डिजिटल डीएनए-डीएनए संकरणाचं, त्याची रेघ ७० टक्के. जर्मनीच्या डीएसएमझेड या जीवाणू-संग्रहाचं टीवायजीएस हे संकेतस्थळ ते फुकट काढून देतं, फक्त रात्रभर थांबावं लागतं. आमचे आकडे ७९ आणि २१.९ आले. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आता खरं काम सुरू."

मला वाटलं होतं की संपत आलं.

नवा म्हणजे कोणापेक्षा नवा, हे दाखवावं लागतं. नुसतं आपल्या जीवाणूचं वर्णन पुरत नाही. जवळच्या प्रजातींचे मूळ नमुने, ज्यांना टाइप स्ट्रेन म्हणतात, ते मागवून, आपल्याच प्रयोगशाळेत, आपल्याच माध्यमावर, त्याच तापमानाला, त्याच दिवशी वाढवून, सगळ्या चाचण्या शेजारी शेजारी कराव्या लागतात. दुसऱ्याच्या पेपरातला आकडा उचलून तक्त्यात टाकलेला परीक्षकांना चालत नाही. आणि हे शेजारी विकत घ्यावे लागतात. आधी चंदिगडचं एमटीसीसी आणि पुण्याचं नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स या जीवाणू-संग्रहांच्या याद्या बघा. तिथे असेल तर थोडक्यात काम होतं. आमचे सर्वांत जवळचे दोन्ही शेजारी तिथे नव्हते. परदेशातून दोन कुप्या, कुरिअर आणि कर धरून ४६ हजार रुपये. मॅडमच्या प्रकल्पात त्या वर्षी उपकरणांखाली पैसे होते, साहित्याखाली नव्हते. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळवायला विद्यापीठाच्या लेखा विभागात पाच सह्या लागल्या. मधली सही करणारे साहेब रजेवर गेले की फाइलही रजेवर जायची.

ऑगस्टमध्ये पार्सल विमानतळावर येऊन अकरा दिवस अडकलं. पाकिटावर 'बॅक्टेरिया' हा शब्द वाचून कोणीतरी ते बाजूला ठेवलं होतं. माझी कळकळीची सूचना: पार्सल निघायच्या आधीच विभागाच्या लेटरहेडवर पत्र तयार ठेवा. जीवाणू रोगकारक नाही, जोखीम गट एकमधला आहे, व्यापारी किंमत नाही, फक्त संशोधनासाठी आहे, ही चार वाक्यं आणि सही-शिक्का. मी ते पत्र ऐनवेळी केलं आणि एका कागदाचे तीन नमुने पाठवले, कारण प्रत्येक फोनवर वेगळा मजकूर सांगितला जात होता.

गोठवून सुकवलेला जीवाणू काचेच्या बंद नळीत येतो. टोक ज्योतीवर तापवायचं, त्यावर पाण्याचे दोन थेंब सोडायचे, काच तडकते. मग चिमट्याने हळूच ठोकून उघडायची. आत कापसाखाली चिमूटभर पांढरी पूड. तेवीस हजारांची चिमूट. माझा हात इतका थरथरत होता की शेवटी प्रयोगशाळेतल्या दादांनी उघडून दिली. त्यांचं शिक्षण दहावीपर्यंत, पण गेली वीस वर्षं ते हेच करताहेत.

पुढचे पाच महिने म्हणजे निव्वळ तक्ता भरणं. किती तापमानाला वाढतो, किती पीएचला, किती मिठात. मिठाचा प्रयोग मी पहिल्यांदा सरळ झोबेलवर केला आणि 'शून्य टक्के मिठातही वाढतो' असं लिहून बसले. झोबेलमध्ये मीठ आधीच असतं, हे मॅडमनी आठवण करून दिल्यावर लक्षात आलं. माध्यम घटकांपासून स्वतः बनवून पुन्हा केलं तर मिठाशिवाय तो वाढलाच नाही. एपीआयच्या तयार चाचणीपट्ट्या वापरायच्या तर जीवाणू साध्या सलाइनमध्ये कालवू नका, समुद्री क्षारांच्या द्रावणात कालवा. नाहीतर सगळे कप्पे नकारार्थी येतात आणि तुम्ही ते खरं मानता. केशरी रंग कोणता आहे ते बघायला कॉलनीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. रंग लालसर-तपकिरी झाला तर फ्लेक्सिरुबिन नावाचं रंगद्रव्य. आमचा तसाच केशरी राहिला. एवढ्या सगळ्यात हाच एक प्रयोग असा, की पाच रुपयांत आणि एका मिनिटात झाला.

मेदाम्लांच्या तपासणीत मात्र तोंडघशी पडले. पेशींच्या आवरणातली मेदाम्लं वाढीच्या टप्प्याप्रमाणे बदलतात. शेजारी दोन दिवसांत भरपूर वाढायचे, आमचा सहा दिवस घ्यायचा. मी तिघांच्याही पेशी सहाव्या दिवशी गोळा करून पाठवल्या. म्हणजे दोघे म्हातारे आणि एक तरणाताठा, अशी तुलना. सगळं परत करावं लागलं. प्रत्येकाला वाढीच्या सारख्याच टप्प्यावर गाठून. पेशींच्या आवरणातल्याच ध्रुवीय लिपिड आणि क्विनोन या रेणूंच्या तपासणीसाठी सुकवलेल्या पेशी लागतात, दोन-तीनशे मिलिग्रॅम. ऐकायला थोडं वाटतं. आमच्या मंद गड्याचे चार लिटर वाढवले तेव्हा तेवढं जमलं, आणि त्यातला एक फ्लास्क बुरशीने नासला. डिसेंबर २०२३च्या अखेरीस तक्ता भरला.

आता ज्या भागाबद्दल कोणी लिहीत नाही तो. जीवाणूंच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, २००१पासून, नव्या प्रजातीचा जिवंत नमुना किमान दोन वेगवेगळ्या देशांतल्या खुल्या संग्रहांत जमा असावा लागतो. तसं प्रमाणपत्र जोडल्याशिवाय नाव ग्राह्य होत नाही. वनस्पतीचं वाळवलेलं पान चालतं, कीटक टाचणीवर चालतो. जीवाणू मात्र जिवंत लागतो, मागेल त्याला देता येईल असा. २०२२मध्ये सेककोड नावाची वेगळी पद्धत सुरू झाली आहे, तिथे जीनोमचा क्रम हाच नमुना मानतात. ज्यांचा जीवाणू प्लेटवर वाढतच नाही त्यांच्यासाठी ती सोय चांगली आहे. आमचा वाढत होता, रडतखडत का होईना, म्हणून जुन्याच वाटेने गेलो.

देशातला संग्रह सोपा गेला. जानेवारी २०२४मध्ये पुण्याच्या सेंटरला तिरप्या माध्यमावर जीवाणू वाढवलेल्या दोन नळ्या आणि अर्ज दिला; ते स्वतः शुद्धता आणि ओळख पडताळून क्रमांक देतात. नळ्या मी हातानेच नेल्या. आपल्या जैविक विविधता अधिनियमातही, २००२च्या, नवी प्रजाती सापडली तर ठरवून दिलेल्या संग्रहाला कळवून नमुना जमा करायचं बंधन आहे, तेव्हा ते आपोआप पुरं झालं.

देशाबाहेर पाठवायचं तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे अर्ज. फेब्रुवारीत भरला. अर्जात जैविक साधनाचं प्रमाण विचारलं होतं. समोरच्या माणसाच्या मनात औषधी वनस्पतींची पोती असावीत. मी 'दोन कुप्या, प्रत्येकी एक मिलिलिटर' असं लिहिलं. नमुना कुठून, कधी, कोणाच्या परवानगीने, हे सिद्ध करायला ती वेंगुर्ल्याची पोच लागली. खरी गोची वेगळीच होती. कायद्याचा रोख असा की आपलं जैविक धन कोणाकडे जातंय याचा हिशेब राहिला पाहिजे. जर्नलची अट अशी की नमुना कोणालाही विनाअट मिळाला पाहिजे. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. बाहेरचे लोक इथलं नेऊन पेटंट घेतात हा अनुभव आपल्याला आहे. आणि जो नमुना कोणी तपासूच शकत नाही त्याच्यावर शास्त्राने विश्वास का ठेवावा? आम्ही उद्देश स्पष्ट लिहिला, संग्रहाच्या अटींची प्रत जोडली. एक जोडपत्र आमच्याकडूनच राहिलं, त्यात महिना गेला. जूनमध्ये मंजुरी आली. तुम्ही हा अर्ज जीनोम हातात आल्या आल्या करा, तक्ता भरायची वाट बघू नका. मी क्रमाने गेले आणि सहा-सात महिने हकनाक घालवले. अर्जाचे नमुने बदलत असतात, तेव्हा कोणाच्या जुन्या अर्जाची नक्कल मारू नका, प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरचा ताजा बघा.

जुलै २०२४मध्ये पार्सल निघालं. तीन आवरणं: नळी, तिच्याभोवती शोषून घेणारा कापूस आणि घट्ट डबा, बाहेर खोकं. सतरा दिवसांनी परदेशातल्या त्या संग्रहाची दोन ओळींची ईमेल आली: नमुना जिवंत होत नाही, पुन्हा पाठवा. वाटेत कुठेतरी उन्हात गोदामात पडून राहिलं असणार. त्या दिवशी मी प्रयोगशाळेत थांबले नाही. रंकाळ्यावर जाऊन बसले आणि शेंगा खात उगाच पाण्याकडे बघत राहिले. दोन वर्षं होत आली होती, फेलोशिपचे चार महिने थकले होते, आणि घरी लग्नाचा विषय निघाला की 'पेपर येऊ दे' हे माझं उत्तर झिजत चाललं होतं.

दुसऱ्या खेपेला गोठवून सुकवलेला नमुना केला. आमच्याकडे यंत्र नाही, शेजारच्या औषधनिर्माण महाविद्यालयात आहे. त्यांनी एक दिवस वापरू दिलं. मॅडमनी पाठवण्याआधी एक नळी मुद्दाम आठ दिवस खोलीतच, साध्या तापमानाला ठेवायला लावली आणि मग उघडून वाढवून बघितली. वाढली. ही तालीम पहिल्याच वेळी करायला हवी होती. ऑक्टोबरमध्ये पाठवलं, ११ डिसेंबरला प्रमाणपत्र आलं.

नाव ठेवण्याबद्दल सगळे उत्साहाने विचारतात. नाव लॅटिन किंवा लॅटिन वळणाचं लागतं आणि प्रजातीच्या विशेषणाचं लिंग वंशाच्या लिंगाशी जुळावं लागतं. संस्कृतचे विभक्ती-प्रत्यय शाळेत पाठ केलेले इथे उपयोगी पडले. स्वतःचं नाव देऊ नये असा संकेत आहे. गावाचं नाव द्यायचं मनात होतं, पण त्याला शेपूट जोडल्यावर कोणालाच उच्चार जमेना. शेवटी रंगावरून ठेवलं. याच शोधात मला शिवाजिएला इंडिका सापडली, २०१२मध्ये वर्णन झालेला भारतीय समुद्री जीवाणू. विभागात मी ते मोठ्याने वाचलं आणि दोघं-तिघं खुर्चीत ताठ झाले. ते नाव महाराजांवरून नाही, हैदराबादचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एस. शिवाजी यांच्यावरून आहे. त्यांच्याच गटाने २००९मध्ये बॅसिलस आर्यभट्टाय हे नाव दिलं होतं, वातावरणाच्या वरच्या थरातून फुग्याने आणलेल्या जीवाणूला. पुढे जीनोम तपासल्यावर ती प्रजाती जुन्याच बॅसिलस मेगाटेरियमशी एकरूप असल्याचं मत मांडलं गेलं. म्हणजे आज छापलेलं नाव उद्या दुसऱ्याच्या नावात विरघळू शकतं. नावाला फार जीव लावू नये असं मी स्वतःला बजावलं.

जानेवारी २०२५मध्ये आयजेएसईएम या जर्नलकडे पेपर पाठवला. जीवाणूंची नवी नावं इथे छापून आली की अधिकृत होतात; दुसरीकडे छापलं तर इथल्या यादीत समाविष्ट व्हावं लागतं. एप्रिलमध्ये परीक्षकांचे शेरे आले, चार पानं. लॅटिन दोन ठिकाणी दुरुस्त केलं होतं, ते ठीक. तिसरा मुद्दा वाचून पोटात गोळा आला. आम्ही पार्सलांमध्ये अडकलेलो असताना त्याच वंशातली आणखी एक प्रजाती छापून आली होती आणि तिच्याशी आमचं १६एस ९८.४ टक्के जुळत होतं, ९८.७च्या रेघेच्या जेमतेम खाली. म्हणजे ४१ नंबर आधीच कोणीतरी नोंदवला असण्याची शक्यता होती. तिचा जीनोम उतरवून घेतला, संध्याकाळी सात वाजता एएनआय लावला आणि निकाल येईपर्यंत मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. ८४.६. रेघेच्या बरीच खाली. सुटलो, पण तो नवा शेजारीही मागवून त्याच्यासह सगळा तक्ता पुन्हा करावा लागला. यावेळी सीमाशुल्काचं पत्र आधी तयार होतं, चौथ्या दिवशी पार्सल हातात. ऑगस्टमध्ये सुधारित मसुदा, सप्टेंबरमध्ये स्वीकृती, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात छापून.

सगळा खर्च एकदा मांडला: दोन लाखांच्या थोडा वर, त्यात माझी फेलोशिप धरलेली नाही. निम्म्याहून अधिक पैसे शेजाऱ्यांवर आणि पार्सलांवर गेले. ज्या जीवाणूसाठी हे सगळं, तो मिळवायला होडीचे साडेतीन हजार आणि एसटीचं तिकीट.

यंदा दिवाळीत मामाकडे गेले होते. बंदरावर तांडेलकाका जाळं शिवत बसले होते. ओळखलं त्यांनी. "काय गो, गावलो काय तो तुझो जीव?" मी हो म्हटलं, मोबाइलवर सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो दाखवला, नाव सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं, जीभ अडखळली.

"त्यापेक्षा माझ्या होडयेचा नाव बरा," ते म्हणाले आणि पुन्हा जाळ्याकडे वळले. मग मान वर न करताच, "आणि परत चिखल व्हयो आसात तर आता पाच हजार लागतले."